टाळेबंदी आणि ताळेबंद : पेडणे तालुक्यातील पर्यटन व्यवसायाची आर्थिक वाटचाल

पेडणे तालुक्यातील पार्से हे गाव समुद्राकाठी वसलेले नाही. मांद्रे आणि मोरजीचे किनारे येथून जवळ असले तरी गावाची ओळख शेती, माड, काजूच्या बागायती आणि श्रीभगवतीचे देवस्थान अशी आहे. पर्यटन खात्याच्या जाहिरातीत पार्सेचे चित्र सहसा दिसत नाही. तरीही गेल्या तीस-पस्तीस वर्षांत किनाऱ्यावरचा पैसा या गावात आणि तुये, आगरवाडा, विर्नोडा यांसारख्या आतल्या गावांत झिरपत राहिला. किनाऱ्यावरच्या खोल्यांत चादरी बदलणारी बाई, शॅकच्या स्वयंपाकघरातला पोरगा, भाड्याची दुचाकी देणारा, नारळ आणि भाजी पोचवणारा, टॅक्सी चालवणारा, अशा अनेकांची घरे आतल्या गावांत आहेत. त्यामुळे २०२० सालच्या महामारीने पर्यटनाचे काय केले या प्रश्नाचे उत्तर केवळ किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या जमाखर्चात शोधून चालत नाही. ते पार्सेसारख्या गावातूनही पाहावे लागते, आणि तेथून पाहिले असता उत्तर बरेच वेगळे येते.

मराठीत टाळेबंदी आणि ताळेबंद हे दोन शब्द कानाला जवळचे आहेत. २०२० च्या मार्चपूर्वी पहिला शब्द कारखान्याच्या दारापुरता होता. नंतर तो घराघरांत गेला. दुसरा शब्द मात्र अजूनही हिशेबनिसाच्या टेबलापुरताच आहे. ज्यांच्याकडे ताळेबंद होता त्यांचे नुकसान मोजले गेले आणि भरूनही निघाले. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांचे नुकसान कोणी मोजले नाही. प्रस्तुत निबंधाचा विषय हा फरक आहे.

मोसम आणि साथ

गोव्यातील पर्यटन व्यवसायाचा हिशेब एप्रिल ते मार्च अशा सरकारी वर्षात बसत नाही; तो ‘सीझन’मध्ये बसतो. ऑक्टोबरमध्ये शॅक उभारायचे आणि पावसाच्या तोंडावर ते उतरवायचे, ही किनाऱ्याची रीत आहे. येथे थोडा शब्दविचार केला तर वावगे ठरू नये. अरबीतील ‘मौसिम’ म्हणजे ठरावीक वेळ. जहाजांना अनुकूल वारे मिळण्याचा काळ या अर्थाने तो शब्द अरबी समुद्रावरच्या व्यापाऱ्यांनी वापरला, पोर्तुगीजांनी तो उचलून ‘मोन्साव’ केला आणि पुढे इंग्रजीत त्याचा ‘मान्सून’ झाला. आपल्याकडे मोसम आणि फारसीतून आलेला हंगाम हे दोन्ही शब्द रुळले. म्हणजे ज्या शब्दाने एके काळी गोव्याच्या बंदरात जहाजे येण्याचा काळ सांगितला, त्याच कल्पनेवर आज विमाने येण्याचा काळ ठरतो. परक्या माणसाच्या येण्यावर अवलंबून असलेली अर्थव्यवस्था या भूमीला नवी नाही.

साथीच्या रोगाने अशी अर्थव्यवस्था कोसळणे हेही नवे नाही. चौदाव्या शतकाच्या पाचव्या दशकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी गोव्याला आला होता. त्याने या स्थळाचे नाव सिंदाबूर असे नोंदवले आहे. परतीच्या वाटेवर १३४८ साली शाम देशात त्याची गाठ प्लेगशी पडली आणि घरी पोचेपर्यंत त्याची आईही त्याच रोगाने गेली होती. प्रवासाचे मार्ग आणि रोगाचे मार्ग एकच असतात, याचे इतके जुने आणि स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. पुढे जुने गोवे हे पूर्वेकडील वैभवशाली व्यापारी शहर वारंवारच्या साथींनी ओस पडत गेले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने तेथून मुक्काम हलवला आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. अलीकडचे उदाहरण द्यायचे तर १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग झाल्याचे वृत्त जाताच काही देशांनी भारताकडे येणारी विमाने थांबवली होती. परंतु ती घबराट काही आठवड्यांत ओसरली. २०२० ची गोष्ट निराळी होती.

महामारीपूर्व काळ

पेडणे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात आला तो १७८८ साली, म्हणजे ‘नव्या काबिजादीं’मध्येही उशिरा. सासष्टी-बार्देशच्या तुलनेत हा प्रदेश मराठीशी, सावंतवाडीशी आणि शेतीशी अधिक बांधलेला राहिला. पर्यटनाच्या बाबतीतही तो मागून आला. साठ-सत्तरच्या दशकांत हिप्पी मंडळी कळंगुट-हणजुण्याला स्थिरावली, १९७४ साली आग्वादच्या किल्ल्यापाशी ताज समूहाचे हॉटेल उभे राहिले, १९८५ पासून युरोपातून चार्टर विमाने येऊ लागली. या सगळ्यात पेडणे दूरच होते. मध्ये शापोरा नदी होती. हणजुणे गर्दीचे झाल्यावर ज्यांना शांतता हवी होती ते हरमलकडे सरकले. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि शिवोली-चोपडे पुलाने नदीचा अडसर संपवला, तेव्हा मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल, केरी हा सलग पट्टा पर्यटकांसाठी खुला झाला. मोरजीत रशियन पाहुणे इतके वाढले की दुकानांच्या पाट्या रशियन लिपीत दिसू लागल्या.

या पर्यटनाचे आर्थिक स्वरूप नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा फरक तेथूनच पडतो. हरमलला येणारा परदेशी पाहुणा श्रीमंत नव्हता, पण तो आठवडा-पंधरवडा नव्हे तर कित्येकदा दोन-तीन महिने राहत असे. तो घराच्या माडीवरची खोली भाड्याने घेई, दुचाकी महिन्याच्या बोलीने नेई, बाजारात फळे-भाजी विकत घेई, शेजारच्या बाईकडे कपडे धुवायला देई. दिवसाचा खर्च थोडा, पण तो अनेक हातांत वाटला जाई. घरमालकाला ऑक्टोबरमध्येच साधारण कळे की मार्चपर्यंत किती पैसे येणार. त्या भरवशावर घराचा मजला चढे, मुलीचे लग्न निघे, पतसंस्थेचा हप्ता जाई.

शेजारच्या डिचोली तालुक्याचाही येथे उल्लेख करावा लागतो. तेथील संसार खाणीवर चालत. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्चपासून पुन्हा थांबल्या. ट्रक विकून टॅक्सी घेणे, हॉटेलात सुरक्षारक्षक किंवा वाहनचालक म्हणून लागणे हा मार्ग अनेकांनी धरला. म्हणजे महामारी आली तेव्हा उत्तर गोव्यातील खाण हा एक पाय आधीच मोडलेला होता आणि सारा भार पर्यटनाच्या दुसऱ्या पायावर होता.

तो दुसरा पायही पूर्ण सुदृढ नव्हता. पर्यटन खात्याच्या आकडेवारीनुसार २०१८ मध्ये सुमारे ८० लाख पर्यटक आले आणि २०१९ मध्येही जवळपास तितकेच, म्हणजे ८०.६४ लाख. त्यांपैकी परदेशी ९.३७ लाख होते. वाढ थबकली होती. २०१४ च्या अखेरीस रुबल घसरला तेव्हा मोरजीने पहिला धक्का पाहिला होता. २३ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटनमधील थॉमस कुक ही जुनी प्रवासकंपनी दिवाळखोरीत गेली आणि ऐन हंगामाच्या तोंडावर गोव्याची चार्टर विमाने रद्द झाली. (भारतातील त्याच नावाची कंपनी त्याआधीच वेगळ्या मालकीची झाली होती, नावाच्या सारखेपणामुळे तिला मात्र खुलासे करत बसावे लागले.) तेव्हा ‘महामारीपूर्व’ म्हणून २०१९ हे वर्ष आधाराला घेताना ते भरभराटीचे शिखर होते असे समजणे बरोबर नाही. ते चढ संपल्याचे वर्ष होते.

टाळेबंदी

११ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने पर्यटक व्हिसा स्थगित केले. २२ मार्चच्या जनता संचारबंदीनंतर गोवा उघडलाच नाही. २५ मार्चला राज्यात पहिले तीन रुग्ण सापडले. हरमल-मोरजीत अडकलेले परदेशी पाहुणे पुढील आठवड्यांत विशेष विमानांनी परतले. पत्रादेवीचा नाका बंद झाला आणि बांदा-सावंतवाडीकडून रोज कामाला येणारे लोक पलीकडेच राहिले. १ मे रोजी गोवा हरित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, पण पाहुण्यांवाचूनच्या हरित क्षेत्राचा हॉटेलवाल्यांना उपयोग नव्हता. २ जुलैपासून हॉटेले अटींवर उघडली, तीही भर पावसात. राज्याच्या सीमा १ सप्टेंबरला खुल्या झाल्या.

येथे हिशेबाच्या वर्षाचा घोटाळा लक्षात घ्यावा. टाळेबंदी लागली तेव्हा सरकारी आर्थिक वर्ष संपायला जेमतेम आठवडा उरला होता. त्यामुळे २०१९-२० च्या ताळेबंदांत महामारीची नुसती सावली दिसते. किनाऱ्यावरही २०१९-२० चा हंगाम दोन-तृतीयांश पार पडला होता. खरा खड्डा पडला तो २०२०-२१ मध्ये, कारण तो अख्खा हंगाम परदेशी पाहुण्यांशिवाय गेला. २०२० या वर्षात परदेशी पर्यटक सुमारे ३ लाख नोंदले गेले, आणि तेही मुख्यतः जानेवारी ते मार्चमधले. २०२१ साली तो आकडा सुमारे २२ हजारांवर आला. नऊ लाखांवरून बावीस हजार! त्याच वर्षी मे महिन्यात दुसऱ्या लाटेने राज्यात हाहाकार केला आणि बांबोळीच्या रुग्णालयातील प्राणवायूच्या तुटवड्याचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले.

राज्य सरकारने करवून घेतलेल्या अभ्यासात पर्यटन क्षेत्राचे नुकसान सुमारे २,००० कोटी ते ७,२०० कोटी रुपये असल्याचा अंदाज पुढे आला. या दोन आकड्यांतील अंतर बोलके आहे. एखाद्या व्यवसायाचे नुकसान सांगताना खालची मर्यादा आणि वरची मर्यादा यांत साडेतीन पटींचा फरक पडत असेल, तर त्या व्यवसायाचा मोठा भाग कोणाच्याच वहीत नाही, असाच त्याचा अर्थ घ्यावा लागतो.

दोन प्रकारचे हिशेब

वहीत असलेल्या भागाचे उदाहरण म्हणून इंडियन हॉटेल्स ही ताज समूहाची कंपनी घेता येईल. आग्वादचे हॉटेल तिचेच. कंपनी देशभराची असल्याने तिचे आकडे केवळ गोव्याचे नाहीत, पण मोठ्या हॉटेल व्यवसायाचा आलेख त्यांतून स्पष्ट होतो. २०१९-२० मध्ये तिचे एकत्रित उत्पन्न सुमारे ४,४६३ कोटी आणि नफा ३५४ कोटी रुपये होता. २०२०-२१ मध्ये उत्पन्न १,५७५ कोटींवर घसरले आणि ७२० कोटींचा तोटा झाला. २०२१-२२ मध्येही तोटा होताच, सुमारे २४८ कोटींचा. आणि २०२२-२३ मध्ये उत्पन्न ५,८१० कोटी, नफा एक हजार कोटींवर. २०२४-२५ मध्ये उत्पन्न ८,३३५ कोटी आणि नफा १,९०८ कोटी. महामारीपूर्व नफ्याच्या पाचपटींहून अधिक.

हे कसे साधले? खोल्यांचे दर वाढले हे एक कारण. देशी श्रीमंत पर्यटकाला परदेशी जाता येत नव्हते, तो गोव्याकडे वळला, हे दुसरे. पण तिसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. तोट्याच्या काळात या कंपनीला भांडवल मिळू शकले. २०२१ च्या अखेरीस हक्कभागांच्या विक्रीतून सुमारे १,९८२ कोटी आणि मार्च २०२२ मध्ये संस्थात्मक गुंतवणूकदारांकडून २,००० कोटी तिने उभारले. कर्जाचा बोजा उतरला, आणि पाहुणे परतले तेव्हा ती उभी राहायला तयार होती. यात गैर काही नाही; भागधारकांच्या कंपनीने तेच करायचे असते.

आता दुसरी बाजू पाहावी. चार खोल्या भाड्याने देणाऱ्या मांद्रेच्या कुटुंबाला किंवा तीन दुचाकी भाड्याने लावणाऱ्या पार्सेच्या तरुणाला भांडवल कोठून मिळणार होते? बँकांचे हप्ते मार्च ते ऑगस्ट २०२० पुढे ढकलले गेले, पण व्याज चालूच राहिले. केंद्राने हमीकर्जाची योजना आणली, मार्च २०२१ मध्ये ती हॉटेल व्यवसायाला विस्तारली. परंतु तिला आधीचे बँककर्ज आणि कागदपत्रे हवी होती. जून २०२१ च्या योजनेत प्रवाससंस्थांना १० लाखांपर्यंत आणि नोंदणीकृत मार्गदर्शकांना १ लाखापर्यंत कर्जाला हमी मिळाली. नोंदणीकृत हा शब्द येथे कळीचा आहे. गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे, पण कर, परवाने आणि पंचायतीचे दाखले यांच्या भीतीने किंवा कंटाळ्याने अनेक घरगुती खोल्या त्याबाहेर राहिल्या. चांगल्या दिवसांत नोंदणी नसणे सोयीचे होते. वाईट दिवसांत त्याच सोयीने मदतीचा दरवाजा बंद केला. दोष केवळ सरकारचा होता असे म्हणता येणार नाही.

त्यातच १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या चौथ्या आठवड्यात, रिझर्व्ह बँकेने म्हापसा अर्बन सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. या बँकेवर २०१५ पासून निर्बंध होतेच. तिचे विमा संरक्षण पाच लाखांपर्यंत असल्याने बहुतेक ठेवीदारांचे पैसे बुडणार नव्हते. परंतु उत्तर गोव्यातील छोट्या व्यावसायिकांची ओळखीची बँक अशा वेळी कायमची मिटली. सोने गहाण टाकणे आणि नातलगांकडून उसने घेणे हेच मार्ग मग उरले. काजूचा हंगामही मार्च ते मे हाच. बोंडू वेचायला घरची माणसे मोकळी होती, ही एक विचित्र सोय.

महामारीनंतर

२०२२ मध्ये देशी पर्यटक ७० लाखांवर पोचले. २०२३ मध्ये एकूण संख्या ८६ लाखांच्या वर गेली, म्हणजे २०१९ ओलांडले. २०२४ मध्ये ती १.०४ कोटी झाली. या आकड्यांच्या आधारे व्यवसाय पूर्ववत झाल्याचे, नव्हे पुढे गेल्याचे वारंवार सांगितले जाते. तथापि २०२४ च्या परदेशी पर्यटकांचा आकडा पाहिला तर तो ४.६७ लाख आहे. २०१९ च्या निम्मा. हे साऱ्या जगाचेच झाले म्हणावे, तर तसेही नाही. भारतात २०१९ मध्ये १.०९ कोटी परदेशी पर्यटक आले होते आणि २०२४ मध्ये सुमारे ९९.५ लाख, म्हणजे नव्वद टक्क्यांवर. देश सावरला, गोवा अर्ध्यावर राहिला.

कारणे शोधायला दूर जावे लागत नाही. गोव्याचा परदेशी पाहुणा मुख्यतः चार्टर विमानाने येणारा रशियन आणि ब्रिटिश होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले. ब्रिटिश नागरिकांना ई-व्हिसाची सोय डिसेंबर २०२२ पर्यंत परत मिळाली नाही. तोवर तो पाहुणा श्रीलंका, थायलंड, व्हिएतनाम यांची वाट शिकला होता. ही चर्चा गोव्यात किती नाजूक झाली आहे हे दोन प्रसंगांवरून दिसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका उद्योजकाने परदेशी पर्यटक घटल्याचे आकडे समाजमाध्यमावर टाकले, तेव्हा आकडे खोटे असल्याचे सांगून पर्यटन खात्याने पोलिसांत तक्रार दिली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये एका आमदाराने शॅकवर इडली-सांबार आणि वडापाव मिळू लागल्याला दोष दिला. इडलीवरचा हा आरोप हसण्यावारी नेला गेला. पण त्यामागचा मुद्दा गंभीर होता. ज्यांच्या नावे शॅकचा परवाना, ते तो बाहेरच्या माणसाला चालवायला देऊन ठरावीक रक्कम घेत होते. दोन हंगाम उपाशी गेलेल्या परवानाधारकाला पुन्हा जोखीम घेण्यापेक्षा ठरलेली रक्कम बरी वाटली, तर नवल नाही.

नवा पाहुणा शुक्रवारी रात्री येतो आणि रविवारी परततो. बहुधा स्वतःची गाडी आणतो, ऑनलाइन आरक्षण केलेल्या व्हिलात किंवा मोठ्या हॉटेलात उतरतो. तो दर दिवशी जुन्या पाहुण्यापेक्षा पुष्कळ जास्त खर्च करतो. मात्र तो खर्च आरक्षणाचे संकेतस्थळ, व्हिलाचा दिल्ली-मुंबईतला मालक आणि साखळी हॉटेल यांच्याकडे जातो. महिन्याच्या बोलीची खोली, महिन्याची दुचाकी, धुण्याचे कपडे हा जुना व्यवहार त्याला लागत नाही. १८ जुलै २०२२ पासून हजार रुपयांखालच्या खोलीवरील वस्तू व सेवा कराची सूटही गेली आणि १२ टक्के कर बसला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला.

पेडण्यात सर्वांत मोठा बदल घडला तो मोपाच्या विमानतळाने. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. मोरजी-हरमलचा पाहुणा आता दाबोळीहून दोन तास न येता मोपाहून थेट येतो. विमानतळावर टॅक्सीचा काउंटर मिळावा म्हणून तालुक्यातल्या टॅक्सीवाल्यांना आंदोलन करावे लागले. डिसेंबर २०२४ मध्ये सनबर्न हा संगीत महोत्सव धारगळला झाला, त्यालाही विरोध आणि पाठिंबा दोन्ही गावातूनच आले. डिचोलीत २०२४ मध्ये लिलावानंतरच्या खाणपट्ट्यात पुन्हा उत्खनन सुरू झाले.

या साऱ्यात ज्या एका गोष्टीची किंमत सतत चढत गेली ती म्हणजे जमीन. टाळेबंदीत घरून काम करण्यासाठी आलेल्यांनी घरे शोधली, पुढे गुंतवणूकदार आले, विमानतळाने भर घातली. किनाऱ्यावरची जमीन संपत आली तसे दलाल आतल्या गावांत फिरू लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये पेडणे तालुक्यासाठी झोनिंग आराखड्याचा मसुदा जाहीर झाला. शेतीची, बागायतीची आणि डोंगर-उताराची मोठी जमीन त्यात बांधकामासाठी दाखवली होती. गावोगाव सभा झाल्या, दोन्ही मतदारसंघांच्या आमदारांना लोकांच्या बाजूने उभे राहावे लागले आणि सरकारला तो मसुदा मागे घ्यावा लागला. महामारीच्या दोन हंगामांत सोने गहाण गेलेल्या घरांपुढे त्यानंतरही तोच प्रश्न आहे: मागून आलेल्या भावाला काजूची बाग द्यायची, की पुढचा हंगाम येईल म्हणून थांबायचे.